‘डिग्री नको, हात बघा’ म्हणे!

सुदामानगरातल्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज पंधरा दिवसांत चौथ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: प्लॅस्टिक सर्जन जळालेल्या-कापलेल्यांसाठी, सौंदर्यासाठी ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ वेगळे, लायपो (चरबी ओढून काढणं) नुसत्या लोकल भुलीवर होते, म्हणून धोका नाही, भिंतीवरची वर्कशॉपची सर्टिफिकेटं नि आधी-नंतरचे फोटो पाहिले की पुरे, आणि पुण्याजवळच्या कुंभारानं डिग्रीशिवायच नाक जोडलं होतं, तेव्हा डिग्री नको, हात बघा. खाली एका क्लिनिकचं लग्नसराईचं पॅकेज.

सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. माझीच भाची या पॅकेजच्या नादी लागली आहे, नाहीतर लिहायच्या भानगडीत पडले नसते.

कुंभारापासूनच सुरू करते, कारण मराठी माणूस तिथेच विरघळतो. गोष्ट खरी आहे. 1792च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी हा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ त्या कुंभारानं कपाळाची कातडी वापरून ते नवं केलं, आणि 1794 साली लंडनच्या मासिकात हे छापून आलं. पण त्यातच लिहिलं होतं की ही शस्त्रक्रिया या देशात फार जुन्या काळापासून चालत आली आहे. म्हणजे त्या माणसामागे शिकवण होती. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनलाही तेच करावंसं वाटलं. त्यानं आधी मृतदेहांवर सराव केला आणि 1814 साली जिवंत माणसाला हात लावला. आमच्या मेसेजवाल्यांना मात्र दोन दिवसांची वर्कशॉप पुरते.

त्या नाकातली खरी करामत देठात आहे. कपाळाची कातडी पूर्ण सोडवत नाहीत, भुवयांमधला देठ तसाच ठेवतात. त्यातून रक्त येतं, म्हणून कातडी जगते. कुठल्या कातडीला रक्त कुठून येतं, किती ताणली तर ती काळी पडते, हे प्लॅस्टिक सर्जन शिकतो ते जळालेल्यांच्या वॉर्डातच. म्हणून ‘ते जळालेल्यांचे डॉक्टर’ हे मला दूषण वाटतच नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची (सर्जरी) तीन, एमसीएचची (प्लॅस्टिक सर्जरी) आणखी तीन, असा तो रस्ता, राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबीचाही आहे. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ ही डिग्री नाही, पाटी आहे.

सगळ्यालाच एमसीएच लागतं असं नाही हं. हेअर ट्रान्सप्लांट एमडी झालेले त्वचारोगतज्ज्ञही करू शकतात. पण हे सांगणाऱ्या 2022च्या सूचनेतच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. भिंतीवरच्या फ्रेमांचं उत्तर यात आलं. फोटोंबद्दल काय बोलायचं, बिघडलेली केस कोण लावतं?

आता ‘नुसत्या लोकल’ची गोष्ट. हे वाचून मला खरोखर घाम फुटला. लायपोत चरबीत सलाइन भरतात, त्यात लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं) असतं. एरवी अॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे 7 मिलिग्रॅम. इथे ती 35पर्यंत नेतात, कारण चरबीतून औषध रक्तात हळूहळू उतरतं. हळूहळू म्हणजे, रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण बारा तासांनी. तोवर पेशंट घरी, आईच्या हातची खिचडी खात असतो. औषध जास्त झालं तर ओठांभोवती मुंग्या, कानात घणघण, तोंडाला धातूची चव, मग झटके. उपाय आहे: शिरेतून 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं द्रावण. भूलतज्ज्ञाला ते ठाऊक असतं. पॅकेजवाल्याकडे ते आहे का, विचारा.

तपासायला जासूस नको. डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापायचा, असा 2002पासून नियमच आहे. तो क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या रजिस्टरमध्ये टाका, डिग्री दिसेल. एमसीएचची नोंद तिथे चढली नसेल तर मूळ सर्टिफिकेट मागा, लाजू नका. आणि जागेचं सीएमएचओ (मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयाचं रजिस्ट्रेशनही.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, “मावशी, तू घाबरवतेस.” म्हटलं, बरं, फोन लाव, फक्त नंबर विचार. तिनं स्पीकरवर लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅम, सर का नंबर तो नहीं है अभी, पर आज बुक करेंगी तो बीस परसेंट ऑफ है.”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, चहा टाकायला उठले.