ॲलन रिकमन ४२ व्या वर्षी नट झाले नव्हते

उशिरा यश मिळालेल्या माणसांची एक यादी गेली कित्येक वर्षे समाजमाध्यमांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरते आहे. तिच्यात इंग्रज अभिनेते ॲलन रिकमन यांच्या नावाची एक ओळ असते, ती साधारण अशी: ‘वयाच्या ४२ व्या वर्षी ॲलन रिकमन यांनी ग्राफिक डिझायनरचे काम सोडले आणि अभिनयाची वाट धरली.’ या ओळीला वेळोवेळी शेपट्याही फुटल्या आहेत. ‘डाय हार्ड’ या हाणामारीच्या हॉलिवूडपटाच्या आधी त्यांनी कॅमेऱ्यासमोर काम केलेच नव्हते, हॉलिवूडची ती भूमिका त्यांना केवळ नशिबाने मिळाली, असे कोणी सांगतो, आणि सर्वांत शेवटी त्यांच्या छायाचित्राखाली हॅरी पॉटर, म्हातारपण आणि झुलती खुर्ची यांविषयीचे एक हळवे वाक्य त्यांच्याच नावाने छापलेले असते. ज्याला चाळिशीनंतर नवे काही करायचे आहे त्याने ते जरूर करावे. माझे भांडण त्या उमेदीशी नाही. मात्र ही ओळ एका माणसाच्या आयुष्यातली सोळा वर्षे पुसून टाकते, आणि नेमकी तीच वर्षे त्याच्या अभिनयाचा पाया होती, म्हणून तिचा एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

सुरुवात तारखांपासून करू. रिकमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४६ चा, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनचा. घर कामगारवर्गातले, ते आठ वर्षांचे असताना वडील वारले आणि चार मुलांना आईने एकटीने वाढवले. शिष्यवृत्तीवर त्यांना हॅमरस्मिथच्या लॅटिमर अप्पर शाळेत प्रवेश मिळाला आणि तिथेच नाटकाची गोडी लागली. अठराव्या वर्षी नाट्यशाळेत जाणे मात्र त्या परिस्थितीत शहाणपणाचे समजले जात नव्हते, असे ते पुढे सांगत. म्हणून ते चेल्सीच्या कलाशाळेत गेले, नंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग काही मित्रांबरोबर त्यांनी ‘ग्राफिटी’ नावाचा स्वतःचा डिझाइन स्टुडिओ काढला. म्हणजे ते ग्राफिक डिझायनर होते हे खरे, आणि ते काम त्यांनी सोडले हेही खरे. परंतु ते सोडताना त्यांचे वय ४२ नव्हते, २६ होते. त्यांनी रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला, म्हणजे नाट्यवर्तुळात जिला ‘राडा’ म्हणतात त्या संस्थेला, पत्र लिहून प्रवेशचाचणीची संधी मागितली आणि १९७२ ते १९७४ अशी दोन वर्षे तिथे रीतसर शिक्षण घेतले. त्या काळात खर्च भागवण्यासाठी राल्फ रिचर्डसन आणि नायजेल हॉथॉर्न या नामवंत नटांचा कपडेपट सांभाळण्याचे कामही त्यांनी केले. यांपैकी हॉथॉर्न यांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

मग ४२ हा आकडा आला कुठून? ‘डाय हार्ड’ जुलै १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा रिकमन ४२ वर्षांचे होते, आणि तो त्यांचा पहिला चित्रपट होता यात शंका नाही. ‘ते आधी ग्राफिक डिझायनर होते’ हे एक सत्य आणि ‘पहिला चित्रपट ४२ व्या वर्षी आला’ हे दुसरे सत्य कोणीतरी एकमेकांना चिकटवले आणि दोहोंच्या मधला काळ कापून टाकला. खोटे बहुधा असेच तयार होते. त्यात शोधून काढलेले काही नसते, फक्त गाळलेले असते. काटेकोरपणेच बोलायचे तर चित्रीकरण १९८७ च्या अखेरीस सुरू झाले तेव्हा ते ४१ वर्षांचेच होते. पण हा मुद्दा मी ताणत नाही.

कॅमेऱ्यासमोर काम केलेच नव्हते, हा दुसरा दावा. १९७८ मध्ये बीबीसीने शेक्सपिअरची सर्व नाटके दूरचित्रवाणीसाठी चित्रित करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, त्यातल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये टिबॉल्टची भूमिका रिकमन यांनी केली. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. त्यानंतर बीबीसीसाठीच त्यांनी आणखी काही कामे केली, आणि १९८२ मध्ये अँथनी ट्रोलोप यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’ ही मालिका आली. तिच्यात रिकमन हे ओबाडाया स्लोप झाले होते. स्लोप म्हणजे बिशपच्या पदरचा धर्मोपदेशक. वरवर नम्र, बोलण्यात साखर, आणि आत महत्त्वाकांक्षा ठासून भरलेली. ज्यांना रिकमन यांचा तो सुप्रसिद्ध आवाज, शब्दांना लगाम घालून ते जणू अनिच्छेने बाहेर सोडण्याची ती लकब, ‘डाय हार्ड’मधल्या हान्स ग्रूबर या खलनायकापासून सुरू झाली असे वाटते, त्यांनी हा स्लोप एकदा पाहावाच. समोरच्या बाईची स्तुती करताना हा माणूस किंचित थांबतो, आणि त्या थांबण्यातच त्याचा हिशेब चाललेला दिसतो. ‘डाय हार्ड’ सहा वर्षांनी यायचा होता, पण त्यातला खलनायक इथे काळ्या झग्यात आधीच उभा आहे. याच मालिकेत त्यांच्यासमोर आर्चडीकन ग्रँटली या विरोधकाच्या भूमिकेत होते नायजेल हॉथॉर्न. ज्यांचा कपडेपट विद्यार्थिदशेत सांभाळला, त्यांच्याशी दहाएक वर्षांत पडद्यावर बरोबरीने झुंज. प्रेरणादायी गोष्टच हवी असेल तर ती इथे आहे. तिच्यात ‘४२’ नाही, म्हणून ती यादीत नाही.

दूरचित्रवाणी ही तरी मिळकतीची एक बाजू झाली. रिकमन यांचे खरे घर रंगभूमी होते. राडानंतर ते इंग्लंडच्या वेगवेगळ्या शहरांतल्या रेपर्टरी नाट्यसंस्थांमध्ये काम करत राहिले. या संस्थांचा नटसंच ठरलेला असतो, एका नाटकाचे प्रयोग रात्री चालू असताना दिवसा पुढच्याची तालीम होते, आणि आज राजा झालेला नट पुढल्या महिन्यात दोन वाक्यांचा नोकर होतो. १९७८ मध्ये त्यांना रॉयल शेक्सपिअर कंपनीत प्रवेश मिळाला. त्या काळच्या इंग्रज नटाला याहून मोठी संधी क्वचितच असे. पण वर्षभरातच ते तिथून बाहेर पडले, कारण रंगमंचावर दुसऱ्या नटावर नुसते ओरडायचे नाही तर त्याच्याशी बोलायचे कसे, हे आपल्याला शिकायचे आहे असे त्यांना वाटले. मानाची जागा सोडून ते लंडनच्या बुश, रॉयल कोर्ट यांसारख्या, नव्या नाटककारांना जागा देणाऱ्या नाट्यगृहांकडे वळले. एखाद्याने ‘त्यांनी काहीतरी सोडले’ असे वाक्य लिहायचेच ठरवले तर मला वाटते ते या निर्णयाबद्दल लिहावे.

१९८५ मध्ये ते त्याच कंपनीत परतले आणि क्रिस्टोफर हॅम्प्टन यांच्या ‘ले लिएझाँ दांजरूझ’ या नाटकात विकाँत द व्हाल्माँ झाले. प्रयोग स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’मध्ये सुरू झाले, आणि तेव्हाचे ते नाट्यगृह म्हणजे पत्र्याची एक साधी शेड होती. तिथून नाटक लंडनला गेले, आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोहोचले. त्या भूमिकेसाठी रिकमन यांना टोनी या अमेरिकी रंगभूमीच्या मानाच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले. म्हणजे हॉलिवूडच्या लेखी ते नवखे असतील, पण इंग्रजी रंगभूमीने त्यांना तोवर पहिल्या रांगेत बसवले होते.

आता नशिबाचा तिसरा दावा. ‘डाय हार्ड’चे निर्माते जोएल सिल्व्हर यांनी व्हाल्माँच्या भूमिकेतले रिकमन ब्रॉडवेवर पाहिले होते, आणि लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर दोन दिवसांतच त्यांना ही भूमिका देऊ करण्यात आली. यात नशिबाचा वाटा मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. निर्माता प्रेक्षागृहात येऊन बसणे नटाच्या हातात नसते. पण तो येऊन बसला तेव्हा रंगमंचावर काय चालले होते, ते नटाच्याच हातात होते. गंमत म्हणजे रिकमन यांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची नव्हती. आपल्याला हाणामारीचा चित्रपट करायचा नाही, असेच त्यांना संहिता वाचून वाटले होते. येऊन दोन दिवस झालेल्याला असली संधी मिळत नसते, हे इतरांनी त्यांना समजावले.

नंतर जे घडले ते त्यांनी २०१५ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीच्या एका जाहीर मुलाखतीत सांगितले आहे. मूळ कल्पनेप्रमाणे ग्रूबर हा अतिरेक्याच्या ठरलेल्या वेशात वावरणार होता. रिकमन यांनी सिल्व्हर यांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली: या माणसाने सूट घातला तर? आणि एखाद्या प्रसंगात त्याने अमेरिकी उच्चारांत बोलून स्वतःला ओलीस भासवले तर? देतील ते कपडे घाला, अशा थाटाचे उत्तर मिळाले. पण पुढे हाती आलेल्या नव्या संहितेत दोन्ही गोष्टी होत्या. या प्रसंगाची जन्मकथा चित्रपटाच्या लेखकाने थोडी वेगळी सांगितली आहे, तरी रिकमन यांना अमेरिकी उच्चार उत्तम जमत होते यावर तीही कथा उभी आहे. चित्रपट पाहिलेल्यांना तो प्रसंग आठवेल: बंदूक रोखलेला नायक, पोलीस मॅक्लेन, समोर उभा ठाकताच ग्रूबर क्षणार्धात गयावया करणारा घाबरट कर्मचारी होतो, खांदे पडतात, आवाज वर चढतो, नाव विचारल्यावर तो ‘बिल क्ले’ असे सांगतो, आणि मॅक्लेन त्याला सिगारेट देतो. नाटकातला नट दुसऱ्या नटाचे सोंग घेतो आहे, असा हा दुहेरी खेळ. रंगभूमीवरच्या शिक्षणाचा चित्रपटातही अधूनमधून उपयोग होतो, असे रिकमन यांनी त्या मुलाखतीत हसत सांगितले. ज्याला संहितेला प्रश्न विचारण्याची सवय चौदा वर्षांच्या तालमींनी लावली आहे, तोच पहिल्या चित्रपटात अशी चिठ्ठी ठेवू शकतो.

नशीब मोजायचेच असेल तर ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहावी. त्याच १९८८ मध्ये हॅम्प्टन यांच्या त्या नाटकावरून स्टीव्हन फ्रिअर्स यांचा ‘डेंजरस लिएझन्स’ हा चित्रपट आला. रिकमन यांनी स्ट्रॅटफर्डपासून न्यूयॉर्कपर्यंत घडवलेला व्हाल्माँ त्यात जॉन माल्कोविच यांच्याकडे गेला. नशिबाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले, पण यादी करणाऱ्यांना पहिलाच हात दिसतो.

‘त्यानंतर त्यांनी फक्त खलनायक केले’ असेही एक पुरवणी वाक्य कधीकधी दिसते, त्याला फार जागा देण्याची गरज नाही. ‘रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज’मधल्या नॉटिंगहॅमच्या शेरिफसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला हे खरे. पण ‘ट्रूली, मॅडली, डीपली’मधला मृत्यूनंतर प्रेयसीकडे परतणारा वादक त्याच सुमारास आला, आणि १९९५ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला कर्नल ब्रँडन तर सभ्यपणाचा पुतळाच आहे.

राहिले ते झुलत्या खुर्चीचे वाक्य. त्याचा आशय असा: ‘मी ८० वर्षांचा होईन तेव्हाही झुलत्या खुर्चीत बसून हॅरी पॉटर वाचत असेन, घरचे विचारतील, इतक्या काळानंतरही? आणि मी म्हणेन, सदैव.’ हे वाक्य रिकमन यांच्या नावावर खपवणाऱ्या एकाही पोस्टमध्ये ते त्यांनी कधी, कुठे आणि कोणाला सांगितले याचा पत्ता नसतो. भाषाही चाहत्याची आहे. ज्याने हॅरी पॉटरच्या चित्रपटांत स्नेप हा कठोर शिक्षक साकारला त्याची ती नाही. रिकमन यांच्या रोजनिश्या त्यांच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत या मालिकेशी असलेले त्यांचे नाते बरेच गुंतागुंतीचे दिसते. डिसेंबर २००२ मधल्या एका नोंदीत आता आणखी हॅरी पॉटर नको, असे ते आपल्या एजंटला बजावत आहेत. जानेवारी २००६ मध्ये पाचव्या चित्रपटाला होकार दिल्याची नोंद आहे, पण त्यात ना आनंद आहे ना खेद. ही तुझी गोष्ट आहे, ती शेवटाला ने, या युक्तिवादाने बाजी मारली एवढेच ते लिहितात. जुलै २००७ मध्ये शेवटचे पुस्तक वाचून संपल्यावर मात्र त्यांची लेखणी हलते. स्नेपचे हॅरीच्या आईवर, लिलीवर, प्रेम होते, ही एक छोटीशी गोष्ट लेखिका जे. के. रोलिंग यांनी सात वर्षांपूर्वी त्यांना सांगून ठेवली होती, आणि तेवढ्या आधारावर त्यांनी ती भूमिका धरून ठेवली होती.

‘सदैव’ हा शब्द रोलिंग यांनी स्नेपच्या तोंडी घातला, आणि रिकमन यांनी तो २०११ च्या शेवटच्या चित्रपटात उच्चारला. १४ जानेवारी २०१६ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले तेव्हा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर, पावणेदहा क्रमांकाच्या त्या काल्पनिक फलाटाच्या पाटीखाली, चाहत्यांनी फुले आणून ठेवली, आणि त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांवर हाच शब्द होता. ८० व्या वर्षीची झुलती खुर्ची त्यांच्या वाट्याला आलीच नाही.