गाण्याचा गळा घोटायचाय? गजराला लावा!

आजवर तीन आवडती गाणी मी अशीच मारली. पहिले चार दिवस काय ते कौतुक! पाचव्या दिवसापासून सुरुवातीची बासरी वाजली की हात झोपेतच उशीखाली फोन चाचपडतो. शास्त्रज्ञ पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्याला घंटा वाजल्यावर निदान खायला तरी मिळायचं, मला काय? त्यात आयफोनचं स्नूझ मुळात ९ मिनिटांचं, म्हणजे एका सकाळी तेच १० सेकंद चार-चार वेळा. अंतरा कसा होता, देव जाणे. परवा भर दुपारी कुणाच्या तरी रिंगटोनला तेच गाणं वाजलं आणि मी खुर्चीतून ताडकन उठलो, पोटात गोळा! आता साधा कर्कश बीप लावलाय. त्याला मनसोक्त शिव्या तरी घालता येतात.