तिकीट मोबाईलवर आलं, पण बस कुठे आहे?

बस-मेट्रोच्या ॲपबद्दलच्या लेखात मोबाईल तिकिटाचं कौतुक केलंय, ते योग्यच आहे. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारी हुज्जत थांबली, मेट्रोच्या खिडकीवरची रांग टळली. पण ॲप आलं म्हणजे प्रवास सोपा झाला, हे लेखकाचं म्हणणं मला पटत नाही. स्टॉपवर उभ्या माणसाला आधी हवं असतं ते बस येणार कधी, याचं उत्तर.

वेळापत्रकातली वेळ वेगळी आणि गाडी आत्ता कुठे आहे ते वेगळं. थांबे आणि वेळापत्रकं ॲपला कळतील अशी मांडायचा, आज जगभरातली ॲप्स वापरतात तो जीटीएफएस हा साचा २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बससेवेच्या वेळापत्रकातून सुरू झाला. गाडीची चालू स्थिती सांगणारी जोड त्याला २०११ मध्ये मिळाली. बसमधलं जीपीएस बंद पडलं की काही ॲप्स न सांगता नुसतं वेळापत्रक दाखवतात. माझी आई पुण्यात स्वारगेटजवळ भर उन्हात पदराच्या सावलीत फोन धरून उभी असते. स्क्रीनवर '४ मिनिटं', आणि बसचा पत्ता नाही. शेवटी ती शेजारच्या बाईंनाच विचारते, "अहो, कोथरूडची गेली का?"

'अंदाजे' एवढा एक शब्द लिहायला काय हरकत आहे? आणि सिव्हिल कोर्ट स्टेशनवर एक मेट्रो उंचावर, दुसरी जमिनीखाली. गुडघेदुखीच्या माणसाला तिथली लिफ्ट चालू आहे का, हेही निघण्याआधी ॲपवर कळायला हवं.