वर्क व्हिसावर कौन्सिलचं घर मिळत नाही. तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

परवा रात्री नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मावशी, आमच्यासाठी भाड्याचं घर शोधू नकोस. हिला पाचवा महिना आहे ना, एजंट म्हणाला कौन्सिल लगेच घर देते." पाठोपाठ त्याने तो मेसेज पाठवला. इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर सहा महिन्यांत कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) घर, बायको गरोदर असेल तर लगेच, भाडं शून्य, आणि तीन वर्षांनी तेच घर निम्म्या किमतीत नावावर. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला होता आणि मी गप्प बसले होते. आता घरातलंच पोर त्याच्या भरवशावर गरोदर बायकोला घेऊन इंग्लंडला निघालंय.

गरोदरपणाचा दावा सर्वांत घातक, कारण त्यात एक खरा तुकडा आहे. इंग्लंडच्या १९९६च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये बेघर गरोदर बाईला प्राधान्य आहे, हे मान्य. पण ते पात्र असणाऱ्यांपुरतं. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा आणि त्यावर आलेले जोडीदार, सगळ्यांना 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते, म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही. होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, पब्लिक फंड्समध्ये काय काय मोडतं याची यादीच दिली आहे. कौन्सिलच्या घराचं वाटप आणि बेघरांना मिळणारी कौन्सिलची मदत, दोन्ही त्यात आहेत. एवढी एक यादी वाचली असती तर हा मेसेज कुणी लिहिलाच नसता. बाईला सातवा असो की नववा, कौन्सिल आधी व्हिसा बघते. अट मोडून मदत घेतली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढचा अर्जही फेटाळला जाऊ शकतो. एजंट तोवर फी घेऊन मोकळा झालेला असतो.

मूल इथे जन्मलं की ब्रिटिश होतं, असंही मेसेजखाली कुणी लिहिलंय. नाही होत. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात, किंवा त्यांच्याकडे इथे कायम राहण्याचा परवाना असावा लागतो. लहान मुलांसह कुटुंब उघड्यावर आलं तर सोशल सर्व्हिसेस मदत करू शकतात, पण ती आणीबाणीची तरतूद आहे. तिच्या भरवशावर कुणी संसार हलवायचा नसतो. बाळंतपणाची काळजी मात्र नको. व्हिसासोबत माणशी वर्षाला १,०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज भरलाय, एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, पब्लिक फंड्सच्या अटीत येत नाही.

सहा महिन्यांत घर? एकट्या इंग्लंडमध्ये १३ लाखांच्या आसपास कुटुंबं कौन्सिलच्या घरांच्या प्रतीक्षायादीत आहेत. कोणाला यादीत घ्यायचं याचे नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे, आणि बहुतेक ठिकाणी त्या भागात काही वर्षं राहिलेलं असावं लागतं. मग गरजेप्रमाणे बँड, म्हणजे प्राधान्याचा गट, मिळतो, आणि रिकाम्या घरांवर 'बिड' लावायची. बिड म्हणजे पैशांची बोली नव्हे, फक्त 'हे घर मला हवं' असं कळवणं. माझ्यासोबत काम करणारी, इथेच जन्मलेली बाई दोन मुलं घेऊन एका बेडरूमच्या घरात राहते. सात वर्षं बिड लावतेय.

भाडं शून्य हे साफ खोटं. बाजारापेक्षा बरंच कमी असतं, पण दर महिन्याला भरावं लागतं, वर कौन्सिल टॅक्स (कौन्सिलची घरपट्टी) आणि वीज-गॅस. कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळतो, पण तोही पब्लिक फंड्सच्या त्याच यादीत.

राहिली घर विकत घेण्याची गोष्ट. १९८०च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना हा हक्क दिला आणि लोकांनी खरोखरच मोठ्या सवलतीत घरं घेतली, म्हणून तेवढं अर्धसत्य मी सोडून देते. पण स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही योजना बंद झाली आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२४पासून सवलत भागाप्रमाणे जास्तीत जास्त १६ ते ३८ हजार पाउंडांवर आणली आहे. आणि आधी कौन्सिलचं भाडेकरू व्हावं लागतं, तिथेच तर दार बंद आहे.

भाच्याला सांगितलंय, पहिल्या महिन्याचं भाडं आणि पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट हाताशी ठेवूनच निघ. घरमालक 'राइट टू रेंट', म्हणजे इथे भाड्याने राहण्याचा हक्क, तपासेल, त्यासाठी ई-व्हिसाचा शेअर कोड (त्याला व्हिसा ऑनलाइन बघता येईल असा कोड) काढून ठेव. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, चालत जाण्याच्या अंतरावर असेल असं एका बेडरूमचं घर मी शनिवारी बघायला जातेय.