किंमत बाजूला ठेवून हे चित्र बघा

चिनी-फ्रेंच चित्रकार झाओ वू-की यांच्या एका चित्राच्या लिलावावरच्या लेखात सगळा भर त्याच्या ५१ कोटी हाँगकाँग डॉलर्स किमतीवर आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. २०१८ साली हाँगकाँगच्या लिलावात विकलं गेलेलं झाओ यांचं 'जून-ऑक्टोबर १९८५' हे तीन फलकांचं तैलचित्र जवळजवळ दहा मीटर लांब आहे. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी ते सिंगापूरच्या रॅफल्स सिटी या इमारतीसाठी करून घेतलं होतं. एवढ्या मोठ्या चित्रासमोर माणूस चित्र 'बघत' नाही, त्याच्या कडेकडेने चालतो! लेखासोबतच्या बोटभर फोटोवरून 'नुसते रंगांचे फराटे' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

झाओ चीनमधल्या हांगचौला शिकले आणि १९४८ मध्ये पॅरिसला गेले. (आपले चित्रकार सय्यद हैदर रझा तिथे पोचले ते १९५० मध्ये.) पॅरिसमध्ये आधी चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव, मग प्राचीन चिनी अस्थिलेखांसारखी (हाडांवर कोरलेल्या लिपीसारखी) चिन्हं, आणि हळूहळू तीही विरघळत गेली. पुढे त्यांनी चित्रांना नावं देणंच सोडलं, फक्त तारखा राहिल्या. मला सगळ्यात भिडतं ते हे, की तैलरंग जाड आणि चिकट असूनही झाओ त्यांना शाईसारखं वाहतं करतात. चिनी निसर्गचित्रातली मोकळी जागा, धुकं, पाणी हे सगळं तिथे आहे, फक्त डोंगराची रेघ नाही. पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की ती जागा श्वास घेताना जाणवते.

लेखकाने पुढच्या भागात या रंगलेपनाबद्दल जरूर लिहावं, ही मनापासून विनंती.