दोन गडद रेघा आल्या, म्हणून अंडं सुटलं?

"मूल राहण्यासाठी गोळ्या चालू असतील तर सोनोग्राफीवर पैसे घालवू नका. गोळ्यांवर अंडं सुटण्याचं (ओव्ह्युलेशन) किट अगदी नेमकं चालतं. रोज सकाळची पहिली लघवी तपासा, दोन गडद रेघा आल्या की अंडं सुटलं." हा मेसेज बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. मामीने मलाही पाठवला, वर विचारलंन, "देवगडवरून कणकवलेक कित्याक जातंस गो?"

तर मामी, किटला अंडं दिसतच नाही. पट्टी लघवीतलं एलएच हार्मोन ओळखते. ते वाढायला लागलं की साधारण 24 ते 36 तासांत अंडं सुटणं अपेक्षित असतं. अपेक्षित, एवढंच. कधी एलएच वाढूनही फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, फुटत नाही.

गोळ्यांवर नेमकं? साफ उलट. यातल्या क्लोमिफिन गोळीमुळे मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्यासारखं वाटतं, मग तो अंडं वाढवणाऱ्या एफएसएच हार्मोनबरोबर एलएचही वाढवतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस पट्टीला हात लावायचा नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाळीच्या नवव्या दिवशी गोळ्या संपल्या, दहाव्याला मी पट्टी बुडवली. रेघ कशी, काळपट गुलाबी! नवरा मुंबईहून रजा टाकून तुतारी एक्स्प्रेसने आला. बाराव्या दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल 13 मिलिमीटर. पिकायला साधारण 18 ते 20 लागतात. रजा गेली, चिडचिड उरली.

ट्रिगरचं, म्हणजे अंडं सुटण्यासाठीचं, इंजेक्शन घेतलं असेल तर किट विसराच. त्यातलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं हार्मोन, एलएचसारखंच असतं, पट्टीला फरक कळत नाही. प्रेग्नन्सीची पट्टीसुद्धा त्यानंतर दहा-चौदा दिवस खोटी आशा दाखवू शकते. पीसीओडीत मुळातच एलएच चढं असलं तर गडद रेघा दिवसेंदिवस येत राहतात.

सकाळच्या पहिल्या लघवीचा नियम प्रेग्नन्सी टेस्टवरून उचललेला दिसतो. एलएच बहुधा पहाटे वाढतं आणि लघवीत उशिरा उतरतं. म्हणून बऱ्याच किटवर दुपारची वेळ सांगितलेली असते.

आणि पैसे वाचवण्याचं म्हणाल, तर सोनोग्राफीत फॉलिकल किती वाढलीत हेही मोजतात. या गोळ्यांवर जुळ्यांची शक्यता वाढते. तीन-चार फॉलिकल एकदम पिकली तर डॉक्टर तो महिना सोडून द्यायला सांगू शकतात. किटवर मात्र एक असो की चार, रेघ तीच.

गोळ्या नाहीत, पाळी वेळच्या वेळी येते, तिने किट खुशाल वापरावं. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकीट आधीच फोडून ठेवू नये, पट्ट्या दमट होतात.