रस्ता बंद करायचा तर पुरता करा

"परदेशात भर शहरातले रस्ते अडवून कुणी पळत नाही. तिकडे शिस्त आहे. पळायचं तर लोक बागेत पळतात." माझ्या मोठ्या भावाने घरच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि त्याखाली मावश्या, काका, चुलतभाऊ अशा सगळ्यांचे अंगठे पडले. रविवारी पुण्यात कुठलीशी हाफ मॅरेथॉन होती. सिंहगड रोडकडून स्टेशनला जाताना दादाला तीन ठिकाणी वळवलं आणि गाडी सुटता सुटता मिळाली. त्याचा संताप मला समजतो. पण त्याच्या वाक्यातल्या त्या परदेशात मी राहते, आणि तिथे जे होतच नाही असं तो म्हणतोय, तेच मी सप्टेंबरात करते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची ग्रेट नॉर्थ रन ही हाफ मॅरेथॉन सुरू होते ती सेंट्रल मोटरवेवर. एरवी ज्या रस्त्यावर पायी उतरायला कायद्याने बंदी आहे, तिथे त्या दिवशी हजारो माणसं उभी राहून बुटांच्या नाड्या आवळत असतात. पुढे टाइन ब्रिज, डोक्यावरून रेड अॅरोज या हवाई दलाच्या कसरती पथकाची विमानं, मग गेट्सहेड, फेलिंग बायपास, हेवर्थ, जॉन रीड रोडचा जीव काढणारा चढ, आणि शेवटी एकदम उतार घेऊन साउथ शील्ड्सचा समुद्र. २१.०९७५ किलोमीटर. बाग कुठेच लागत नाही. लागतात ते मोठमोठे, कामाचे, गाड्यांचे रस्ते, आणि ते दिवसाचा बराच वेळ बंद असतात. साठ हजारांच्या घरात लोक धावतात. मोटारगाडीवाचून इथेही लोकांचं चालत नाही, रविवारी इथेही कुणाला तरी स्टेशन गाठायचं असतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर एका काकांचं उत्तर आलं, की ती त्यांची परंपरा आहे, आपल्याकडे हे नुसतं फॅड आलंय, दहा-पंधरा हजारांचे बूट घालून मिरवण्याचं. मला हे दोन्ही मान्य नाही. ग्रेट नॉर्थ रन १९८१ साली सुरू झाली. ब्रेंडन फॉस्टर या इथल्याच धावपटूने ती सुरू केली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधलं दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्याच्या नावावर आहे. कल्पना त्याला सुचली ती न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडची एक शर्यत धावताना. म्हणजे तीही बाहेरूनच आणलेली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ची. दोघींमध्ये अंतर दोन वर्षांचं. एक शहराची झाली, दुसरीचा मार्ग कुठून जातो हे आज माझ्या घरातल्या कुणालाही सांगता येणार नाही. याचं कारण परंपरेत शोधून सापडणार नाही.

आणि बुटांचं म्हणाल, तर ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. दुष्काळी मुलखातली. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय बाई पोचली ती १९८४ च्या पी. टी. उषांनंतर बत्तीस वर्षांनी. ती मुंबईत धावली तेव्हाही रस्ते बंदच होते. ते चोचले होते का?

दादाला मी पालखीची आठवण करून दिली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम करतात, तेव्हा शहराचा अर्धा भाग गाड्यांना बंद असतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. उलट आई तासभर उभी राहून पाणी वाटते. विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. दादा स्वतः त्यात ताशा वाजवायचा. मग पहाटेच्या तीन-चार तासांनीच काय घोडं मारलं? त्याने लिहिलं, "पालखी आपली आहे. हे पैसे भरून पळणारे कोण लागतात आपले?"

रागाच्या भरात लिहिलं असलं तरी त्याच्या या वाक्यात खरं काहीतरी आहे, म्हणून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

इथेही पैसे भरूनच धावतात. नाव घातलं की सोडत निघते, सगळ्यांना जागा मिळत नाही. पण धावणाऱ्यांच्या पाठीवर फोटो असतात. वारलेल्या आईचा, बाळाचा, मित्राचा. खाली हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या घराचं, किंवा कॅन्सरच्या संस्थेचं नाव, आणि त्या संस्थेसाठी गोळा केलेले पैसे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईची आई त्याच हॉस्पिसमध्ये गेलेली असते. इस्पितळातल्या माझ्या वॉर्डातली परिचारिका धावते, तिचा नवरा फेलिंगला संत्र्याच्या फोडी घेऊन उभा, तिची मुलं पुढच्या वळणावर बागेचा पाइप घेऊन आमच्यावर पाणी मारायला. छातीवरच्या नंबराच्या कागदावर, बिबवर, नाव छापलेलं असतं. माझं नाव त्यांना धड उच्चारता येत नाही, तरी ते प्रयत्न करतात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. भुयारी रस्त्यात शिरलं की पुढून कुणीतरी ओरडतं, "ओगी ओगी ओगी", आणि हजार गळ्यांतून "ओय ओय ओय" येतं. काँक्रीट थरथरतं. अकराव्या मैलाला माझे पाय संपलेले असतात तेव्हा साउथ शील्ड्समधल्या कुणा आजोबांनी हातात दिलेला आइसपॉप मी कधीही विसरणार नाही.

यातलं आपल्याकडे काही होत नाही असं मुळीच नाही. मुंबईत पेडर रोडच्या चढावर इमारतींमधले लोक भल्या सकाळी संत्री-बिस्किटं घेऊन उतरतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तर मी धावले आहे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वराचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन फिरायचं आणि तोच घाट उतरायचा. पावसाळ्याचा शेवट, धुकं, हिरवागार डोंगर. पण मला घाटापेक्षा गाव आठवतं. ढोल-ताशे, लेझीम, शाळेच्या गणवेशातली पोरं टाळी द्यायला हात पुढे करून रांगेने उभी, दारात आलेल्या बायका. २०१२ ला सुरू झालेली शर्यत. चार दशकांची परंपरा तिला लागली नाही. गावाने ठरवलं की वर्षातला हा एक दिवस आपला, बस्स.

पुण्यात तसं का होत नाही, यावर मी पळता पळता पुष्कळ विचार केला आहे. एक कारण हवामान. इथे शर्यत सुटते अकराच्या सुमारास. लोक निवांत उठतात, नाश्ता करतात, खुर्च्या उचलतात आणि रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. आपल्याकडे ऊन चढायच्या आत संपवावं लागतं, त्यामुळे बंदूक पाचला नाहीतर सहाला. शहर डोळे चोळत खाली उतरतं तेव्हा पळणारे बरेचसे घरी गेलेले असतात आणि मागे उरतात अडथळे, शिट्टी मारणारा पोलीस, सांडलेले कागदी पेले. दादाने मॅरेथॉन पाहिलेलीच नाही. त्याने फक्त बॅरिकेड पाहिलंय. त्याचं मत त्यावरून झालं तर दोष त्याचा नाही.

दुसरं कारण मला जास्त छळतं. थंडीच्या दिवसांत पुण्यात जवळजवळ दर रविवारी कुणाची ना कुणाची तरी धाव असते. बिल्डरची, बँकेची, कुठल्या पुढाऱ्याची, कुठल्या शाळेची. प्रत्येकाला परवानगी मिळते आणि प्रत्येकाला अर्धाच रस्ता मिळतो. अशाच एका हाफमध्ये मी सुट्टीवर आले असताना धावले. डाव्या बाजूला शंकू मांडलेले, उजवीकडून गाड्या. पंधराव्या किलोमीटरनंतर शंकूच संपले. स्वयंसेवक घरी गेले असावेत. मागून पीएमपीची बस, पुढून उलट दिशेने दुचाक्या, मधे आम्ही पाच-सहा बायका, ठरलेल्या वेगाने पुढे पळणाऱ्या पेसरचा झेंडा केव्हाच दिसेनासा झालेला. एक रिक्षावाला काच नसलेल्या खिडकीतून ओरडला, "ओ ताई, बाजूला व्हा ना, गिऱ्हाईक दवाखान्यात न्यायचंय." मी बाजूला झाले. त्याचं बरोबर होतं आणि माझंही. आम्हा दोघांना एकाच पट्टीत सोडणाऱ्यांचं मात्र काहीच बरोबर नव्हतं. अर्धवट बंद केलेल्या रस्त्यावर पळणाऱ्याचे हाल होतात आणि गाडीवाल्याचेही, आणि मग दोघं एकमेकांना शिव्या घालतात.

इथे गेट्सहेडला आमच्या दारात शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी पत्रक येतं. कुठला रस्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, इस्पितळाला जायचं तर कुठून, बस कुठून फिरणार. मग त्या वेळेत त्या रस्त्यावर एकही गाडी येत नाही. एकही नाही. लोक तो दिवस धरूनच बेत आखतात. हे इंग्रजांच्या रक्तात आहे असं मला कुणी सांगू नये. हे पत्रक छापण्याचं आणि वाटण्याचं काम आहे. ते पुण्याला जमत नाही असं मी ऐकून घेणार नाही, कारण पालखीचा मार्ग आणि वेळ पुण्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असते.

आता एक गोष्ट सांगते, जी मी घरच्या ग्रुपवर कधीच लिहिली नाही, तिथे काका आहेत म्हणून. लग्नाआधी मी पहाटे साडेपाचला कर्वे रोडच्या कडेने पळायचे. दुचाकीवरचा एखादा मागून यायचा, वेग कमी करायचा, काहीतरी बोलायचा आणि निघून जायचा. फुटपाथ तुटला की खाली उतरायचं, पुन्हा चढायचं, ओढणी घट्ट बांधायची, कारण नुसत्या टी-शर्टवर पळायची हिंमत तेव्हा नव्हती. पुढे पहिल्यांदा बंद रस्त्यावर धावले तेव्हा जंगली महाराज रस्त्याच्या मधोमध होते. मागे कोण येतंय हे बघायला एकदाही वळावं लागलं नाही. जन्मल्यापासून त्या शहरात राहिले, पण त्या रस्त्याच्या मधोमध पाय ठेवायला मिळाला तो त्या सकाळी. दादासाठी तो रस्ता बंद होता. माझ्यासाठी तो त्याच दिवशी उघडला. ही गोष्ट त्याला दिसावी असं मला फार वाटतं, आणि दिसत नाही म्हणून मी इतकी चिडते.

इथे हिवाळ्यात चारला अंधार पडतो आणि मीही दिव्याच्या रस्त्याने, किल्ली मुठीत धरून पळते. इथल्या बायकाही तशाच पळतात. ते मी ग्रुपवर सांगत नाही. परदेशाबद्दल दादा त्याला हवं ते बोलतो आणि मी मला हवं ते.

२०२५ च्या ग्रेट नॉर्थ रनमध्ये पदकांवर चुकून शेजारच्या संडरलंड शहराचा नकाशा छापला गेला. न्यूकॅसलच्या टाइन नदीऐवजी संडरलंडची वेअर. या दोन शहरांचं हाडवैर ठाऊक असणाऱ्याला कळेल काय झालं असेल. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. मला राग आला, खराखुरा, पोटातून. हे पाहून माझी सहकारी चकित झाली, ती इथलीच, हेबर्नची. त्या रात्री झोपताना मनात आलं, की मुठेच्या पात्रात राडारोडा टाकल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचते, हळहळते, पुढे सरकते. असा राग शेवटचा कधी आला होता? ज्या नदीवरच्या पुलावरून माझं नाव चुकीचं का होईना ओरडलं जातं, ती माझी झाली. मुठेच्या पुलावरून मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. आणि ते मला बोचतं. पुण्याने मला हाक मारायला हवी होती.

दादाने शेवटी लिहिलं, "तुला एवढं कळतं तर इकडे येऊन सांग महापालिकेला." कुणाला सांगू? मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ पुण्यात निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. इथे गेट्सहेडला मी भारतीय पासपोर्टवर कौन्सिलच्या निवडणुकीत मत देते, कारण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे. शर्यतीच्या दिवशी बस कुठून वळवली यावर मी कौन्सिलरला मेल केला तर उत्तर येतं. माझ्या जन्मगावातल्या रस्त्याबद्दल बोलायला मात्र मला घरचा ग्रुप उरलाय. म्हणून मी तिथे भांडते. दादा म्हणतो तुला काय, तू पंधरा दिवसांनी विमानात बसणार. बसणार आहेच. तरीही भांडणार.

दादा, तू पुण्यात आहेस, तुझ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहेस, तू माग. वर्षात एकच हाफ. तारीख सहा महिने आधी. मार्ग आणि वेळ प्रत्येक सोसायटीच्या फलकावर, इस्पितळाचा रस्ता ठळक अक्षरांत. आणि शंकूंच्या आत एकही दुचाकी नको, पोलिसाच्या मेव्हण्याचीसुद्धा. बाकीचे रविवार तुझे. त्या एका रविवारी स्टेशनला जायचं असेल तर दुपारची गाडी काढ, आणि सकाळी आईला घेऊन खाली उतर. ती पाणी वाटायला तयार असते, तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं की आज कोण येतंय.